फिरत्या बिऱ्हाडाची नोकरी

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं एक तास मागे घेतात. कुडाळ तालुक्यातल्या एखाद्या वाडीला त्याचं काही सोयरसुतक असेल असं कुणाला वाटणार नाही. पण सोमवारी तिथल्या एका पडवीत रोज संध्याकाळी साडेसातला होणारी टीमची मीटिंग साडेआठवर जाते. घरातल्या काकूंना मग ठरवावं लागतं, पानं उशिरा घ्यायची की पाहुणीचं ताट झाकून ठेवायचं. न्यूयॉर्क आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेदहाचा. लॅपटॉप घेऊन गावोगाव राहणाऱ्याने जागा कितीही बदलल्या तरी त्याचा दिवस क्लायंटच्या शहराला बांधलेला असतो. आणि तो ज्या घरात उतरतो, त्या घराचा दिवसही हळूहळू त्याच घड्याळाला बांधला जातो.

अशा माणसांना भेटत मी कोकणात, गोव्यात आणि हिमाचलात हिंडले आहे. हिंजवडी, खराडी, ऐरोलीच्या कंपन्यांतले टेस्टर आणि डेव्हलपर, परदेशी कंपन्यांचं काम थेट घेणारे डिझायनर, मजकूर लिहिणारे, भाषांतर करणारे, परक्या देशातल्या दुकानांचे हिशेब लिहिणारे, ऑनलाइन शिकवण्या घेणारे. बहुतेक पंचविशी ते चाळिशीतले. महिना-दोन महिने एका गावी काढायचे, शनिवार-रविवारी आसपास भटकायचं, मग पुढचा मुक्काम. पगार चालू, काम चालू, फक्त कायमचा पत्ता नाही. त्यांच्या तोंडून या जगण्यातला आनंद ऐकला की तो खरा आहे याबद्दल शंका उरत नाही. सकाळी साडेदहापर्यंत समुद्रावर असायचं आणि अकराला कामाला बसायचं, याची गोडी ज्याने हिंजवडीच्या चौकात दीड तास गाडी रेटली आहे त्याला समजावून सांगावी लागत नाही.

या सगळ्या भेटींतून माझ्या मनात एक गोष्ट मात्र पक्की होत गेली. फिरणाऱ्याची मोकळीक एका जागी टिकून राहणाऱ्या माणसांच्या कष्टांवर उभी असते. त्या कष्टांचा हिशेब आपण अजून नीट मांडलेला नाही. हा लेख त्या हिशेबाविषयी आहे.

फिरत फिरत नोकरी करणं करोनाने आणलं असा समज आहे, पण कल्पना बरीच जुनी. १९७३ साली अमेरिकेत जॅक निल्स या अभियंत्याने, माणसांनी कामापर्यंत जाण्याऐवजी काम माणसांपर्यंत नेता येईल का, याचा अभ्यास हाती घेतला. तेलटंचाईचे दिवस होते आणि लॉस एंजेलिसचे रस्ते मोटारींनी तुंबलेले होते. निल्सचा विचार घराजवळच्या छोट्या कार्यालयापर्यंत पोचला होता. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, ओहायो राज्यातल्या स्टीव्हन रॉबर्ट्स या लेखकाने घरच विकायला काढलं. पाठ टेकून चालवायची एक लांबलचक सायकल त्याने बनवली, तिच्यावर सौर पट्ट्या बसवल्या आणि रेडिओ शॅकचा ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ हा चार पेन्सिल सेलवर चालणारा छोटा संगणक सोबत घेतला. दिवसा सायकल चालवायची, मुक्कामाला लेख लिहायचे आणि टेलिफोनच्या तारेवरून ‘कॉम्प्युसर्व्ह’ या सेवेमार्फत ते धाडायचे. असा तो सुमारे १०,००० मैल फिरला. त्याच्या सायकलीचे फोटो खूप छापून आले. मला मात्र त्याच्या कथेतलं दुसरंच एक माणूस महत्त्वाचं वाटतं. कोलंबस शहरात एक सहकारी बाई त्याचं कार्यालय सांभाळत होती. टपाल, धनादेश, संपादकांचे निरोप, सगळं तिच्या टेबलावर येई. रस्त्यावरून नोकरी करणाऱ्या पहिल्या प्रसिद्ध माणसालाही एका जागी बसलेलं कुणीतरी लागलं होतं.

१९९७ साली जपानचे त्सुगिओ माकिमोतो आणि त्यांचे सहलेखक डेव्हिड मॅनर्स यांनी ‘डिजिटल नोमॅड’ नावाचं पुस्तकच लिहिलं. यंत्रं लहान होत जातील, तारा नाहीशा होतील आणि मग एका जागी राहायचं की हिंडायचं हे माणूस स्वतः ठरवेल, असा त्यांचा होरा होता. यंत्रांबाबत तो तंतोतंत खरा ठरला.

आपल्याकडे २०२० पर्यंत नियमच आडवे होते. बीपीओ आणि कॉल सेंटरना दूरसंचार विभागाकडे नोंदणी करावी लागे. कर्मचाऱ्याला घरून काम करू द्यायचं तर वेगळी परवानगी आणि जबर बँक हमी. मार्च २०२० च्या टाळेबंदीत सरकारला तातडीने सूट द्यावी लागली आणि ५ नोव्हेंबर २०२० ला नवे नियम आले. नोंदणीची बरीचशी कटकट गेली, बँक हमी गेली आणि देशात कुठूनही काम करण्याची मुभा कागदावर आली. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्यांसाठी, म्हणजे हिंजवडीतल्याही अनेक इमारतींसाठी, जुलै २०२२ मध्ये आणखी एक नियम आला. त्यानुसार निम्म्या कर्मचाऱ्यांना वर्षभर घरून काम करता येणार होतं. पुढे ही सवलत वाढत गेली.

कंपन्यांचा कल मात्र उलटा फिरला. टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात बोलावलं. इतरांनी दोन-तीन दिवसांची सक्ती केली. आज फिरत्या बिऱ्हाडाने काम करणाऱ्यांत छोट्या कंपन्यांतले, परदेशी मालकाचे आणि स्वतःचं काम स्वतः मिळवणारे जास्त दिसतात. मोठ्या कंपनीतलाही एखादा भेटतो. त्याचं ‘मॅनेजरला माहीत आहे, एचआरला नाही’ अशा समजुतीवर चाललेलं असतं. कंपनीचा लॅपटॉप कुठल्या आयपीवरून जोडला जातो हे आयटी विभागाला दिसतं, हे त्यालाही ठाऊक असतं. त्यामुळे त्याच्या बोलण्यात हिशेबी सावधपणा असतो. डोंगरात राहायचं, पण कॅमेऱ्यामागे पांढरी भिंत ठेवायची.

* * *

या जगण्याची कला शिकावी लागते आणि तिचा पहिला धडा रेंजचा. मुरलेला माणूस खोलीचे फोटो पाहण्याआधी घरमालकाला सांगतो, इंटरनेटचा स्पीड तपासा आणि त्याचा स्क्रीनशॉट पाठवा, पण दुपारचा नको, रात्री आठचा पाठवा. रात्री सारं गाव मोबाइलवर असतं. जी जोडणी दुपारी भरधाव असते ती आठला धापा टाकते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं लागतात. दोन्ही कंपन्यांची यंत्रणा एकाच टॉवरवर आहे का, याचीही चौकशी करावी लागते. लाइट गेली की टॉवर काही तास बॅटरीवर किंवा डिझेलवर तग धरतो, मग तोही जातो. म्हणजे गावात पहाटे लाइट गेली असेल तर दुपारच्या मीटिंगची खात्री नाही. फायबरची जोडणी असेल तर तिच्या डबीला छोटा यूपीएस लावायचा. घरच्या इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, पण राउटरचा प्लग त्या लाइनवर आहे का ते स्वतः पाहून घ्यायचं. स्वयंपाक स्वतः करायचा असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर बरा, तो पत्त्याच्या पुराव्याशिवाय ओळखपत्रावर मिळतो. जागा शनिवारी बदलायची, म्हणजे बिघाड दुरुस्त करायला रविवार हाताशी राहतो.

खुर्चीचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण या मंडळींची सर्वांत जास्त तक्रार तिच्याबद्दलच ऐकली. होमस्टेत प्लास्टिकची खुर्ची असते, वेताची असते, झोपाळा असतो. आठ तास बसण्याजोगी खुर्ची आणि तिच्या मापाचं टेबल क्वचितच असतं. मान आणि पाठ पहिल्या दोन-तीन महिन्यांत बोलायला लागतात. ज्यांनी हे जगणं वर्षानुवर्षं टिकवलं आहे त्यांच्या बॅगेत लॅपटॉपचा घडीचा स्टँड आणि वेगळा कीबोर्ड हटकून सापडतो. काहींनी एका गावच्या सुताराकडून टेबल करून घेतलं आणि निघताना ते त्याच घराला दिलं. मला ही चाल फार आवडली. पुढच्या पाहुण्याची सोय झाली, सुताराला काम मिळालं आणि एरवी त्या टेबलावर घरातलं पोर अभ्यासाला बसतं.

पावसाळ्यात ही सारी विद्या अपुरी पडते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आलं आणि मंडणगड, दापोलीतली कित्येक गावं अनेक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशी वादळं रोज येत नाहीत, पण आषाढातल्या साध्या पावसातही फणसाची फांदी तारेवर पडते आणि फीडर बंद होतो. तेव्हा लायनमन रेनकोट चढवून, हातात काठी घेऊन लाइन चालत तपासतो. कुठे तार तुटली, कुठे इन्सुलेटर फुटला, हे त्याला पायी हिंडून शोधावं लागतं. महावितरणात या कामाला कंत्राटी माणसंही मोठ्या संख्येने आहेत. पुण्यातल्या मॅनेजरला ‘पॉवर इश्यू’ एवढंच कळतं. खांबावर चढलेल्या त्या माणसाच्या भरवशावर न्यू जर्सीतल्या एखाद्या बँकेचं सॉफ्टवेअर त्या दिवशी चालत असतं. तंत्रज्ञानाच्या कौतुकात त्याचं नाव येत नाही, म्हणून मी इथे मुद्दाम लिहिते आहे.

२०२० च्या पावसाळ्यात कणकवली तालुक्यातली एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास करत होती, ही बातमी तेव्हा खूप गाजली. तिच्या जिद्दीचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण त्या बातमीतून एक गोष्ट स्पष्ट झाली होती. गावात पाहुण्यांसाठी इंटरनेट येतं, त्याच्या आधीपासून ते गावातल्या मुलांना हवं असतं.

आता घराकडे वळू. पर्यटक दोन रात्री येतो. त्याच्यासाठी सोलकढी, मासे, मोदक असा थाट करायचा, तो गेला की चादरी धुवायच्या. महिना-दोन महिने राहणाऱ्याचं निराळं असतं. त्याला रोज थाट नको असतो, साधं वरण-भात-भाजी हवी असते, पण वेळेवर हवी असते आणि त्याची वेळ घराच्या वेळेशी जुळत नाही. रात्री अकराला त्याची मीटिंग संपते. दुपारी मिक्सर लावू नका, कॉल चालू आहे. मुलांना अंगणात ओरडू नका म्हणून सांगावं लागतं. शेजारच्या घरचं भजन रात्री सुरू झालं की पाहुणा कानाला हेडफोन लावतो आणि घरातल्या बाईला उगाच अपराधी वाटतं. एका घरात मी पाहिलं, पाहुणीचा दरवाजा बंद असला की सगळे दबक्या आवाजात बोलत होते. आजोबांची खोकल्याची उबळसुद्धा दाबली जात होती. पाहुणीने असं काही सांगितलेलं नव्हतं. ती चांगल्या स्वभावाची होती, जाताना सगळ्यांना नीट भेटून गेली. पण घरातल्यांनी आपणहून आवरलेला तो आवाज भाड्याच्या आकड्यात कुठेच धरलेला नव्हता.

भाडं कसं ठरतं? शहराच्या भाड्याशी तुलना करून. पाहुण्याला ते पुण्यापेक्षा स्वस्त वाटतं, घरमालकाला गावाच्या मानाने भरघोस वाटतं आणि दोघेही खूश असतात. त्या भाड्यात वेळीअवेळी चहा करणं, गरम पाणी देणं, वायरमनला तीनदा फोन लावणं, कुरिअर घ्यायला नाक्यावर जाणं हे सगळं सामावलेलं असतं. ही कामं बहुतेक घरातल्या बाईच्या वाट्याला येतात आणि पैसे बहुतेक पुरुषाच्या खात्यावर जातात. २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘आई’ हे महिलाकेंद्री पर्यटन धोरण आणलं. पर्यटनाचा व्यवसाय स्वतःच्या मालकीने चालवणाऱ्या बाईला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा परतावा मिळतो. व्यवसाय तिच्या नावावर आणि तिच्या हाताने चालणारा असावा, ही त्यातली अट मला सर्वांत मोलाची वाटते. पैसा तिच्या खात्यावर आला की घरातला तिचा शब्दही वजनदार होतो.

मागे राहिलेलं दुसरं घर म्हणजे या मंडळींचं स्वतःचं. आई-वडील सांगलीत, नाशकात, चिंचवडमध्ये. वडिलांची रक्ततपासणी, आईचा मोतीबिंदू, बँकेची केवायसी, सोसायटीची थकबाकी. यातलं फोनवरून होतं ते फिरणारा मुलगा करतो. उरलेलं जवळ राहणारी बहीण करते, नाहीतर वहिनी करते. मी भेटलेल्या बहुतेकांच्या मागे असं एक माणूस होतं, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी बोलता बोलता त्याचं नाव घेतलं. हे चांगलं लक्षण आहे. एकीने दरमहा बहिणीच्या खात्यावर ठराविक रक्कम टाकायला सुरुवात केली होती. आधी बहीण रागावली, मग दोघी बसून बोलल्या. अशा बोलण्याची आपल्या घरांना सवय नाही, पण ती लावून घ्यायला हवी.

एकट्या मुलीसाठी सारा प्रवासच वेगळा असतो. खोली मागताना तिला कामाच्या आधी लग्नाबद्दल विचारतात. रात्री उशिरापर्यंत दिवा जळताना दिसला की वाडीत चर्चा होते. यावर मुलींनी काढलेली तोड साधी आहे. पहिल्या संध्याकाळी घरातल्या बाईला शेजारी बसवून लॅपटॉपवर आपलं काम दाखवायचं. हा माझा साहेब, हा परदेशातला, याच्याशी मी रात्री बोलते. एकदा हे घडलं की ती बाईच वाडीतल्यांना उत्तरं देते. उतरण्याची गावंसुद्धा मुली एकमेकींच्या सांगण्यावरून निवडतात. जिथे मावशी चांगल्या आहेत तिथेच जा, असा निरोप एकीकडून दुसरीकडे जातो.

* * *

परदेशात जाऊन असं राहता येईल का, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. कागदावर दारं उघडी आहेत. एस्टोनियाने ऑगस्ट २०२० मध्ये खास अशा लोकांसाठी व्हिसा काढला. मग क्रोएशिया, पोर्तुगाल, स्पेन असे देश आले. मलेशियाने २०२२ मध्ये, थायलंडने जुलै २०२४ मध्ये दार उघडलं. आकडे पाहिले की आपल्यापैकी कितीजण आत जाऊ शकतात ते लगेच कळतं. एस्टोनियाने सुरुवातीला महिन्याला ३,५०४ युरो उत्पन्नाची अट घातली होती. तेव्हाच्या दराने ते तीन लाख रुपयांच्या वर जात होते. इंडोनेशियाला वर्षाला ६०,००० डॉलर लागतात, मलेशियाला तंत्रज्ञानातल्या कामासाठी २४,०००. थायलंडचा व्हिसा पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. आपल्याकडच्या पगारात थायलंड आणि मलेशिया काहींच्या आवाक्यात येतात, युरोप फार थोड्यांच्या.

त्यापुढे कराची भानगड. भारतात वर्षाला १८२ दिवस किंवा अधिक राहिलं तर माणूस इथला करदाता रहिवासी ठरतो. बऱ्याच देशांची रेघ १८३ दिवसांवर आहे. त्याहून मोठी अडचण मालकाची. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून काम करू लागला तर कंपनीचंच तिथे बस्तान आहे, असं तिथलं करखातं म्हणू शकतं. म्हणून पुण्यातली कंपनी मनालीला हरकत घेत नाही, पण बँकॉक म्हटलं की लगेच कायदेविभागाकडे बोट दाखवते. उलट्या दिशेचाही प्रश्न आहे. भारताने असा व्हिसा अजून काढलेला नाही. मोरजी-हरमलच्या कॅफेत लॅपटॉप उघडून बसणारा परदेशी माणूस पर्यटक व्हिसावर नोकरी करत असेल तर ते नियमात बसत नाही.

गोव्याबद्दल बोलताना मला जास्त काळजी वाटते. मांद्रे, शिवोली, आसगाव, हणजूण या गावांत टाळेबंदीनंतर दिल्ली-मुंबई-बेंगळुरूहून माणसं आली ती घरं शोधतच. मोप्याचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ ला सुरू झाला आणि पेडणे तालुका एका उड्डाणाच्या अंतरावर आला. जी खोली पंचायतीतला कारकून किंवा शाळेतली शिक्षिका भाड्याने घेत असे, ती आता महिन्याच्या करारावर बाहेरच्या पाहुण्याला जाते. खरा पैसा अर्थातच लॅपटॉपवाल्यांचा नाही, दुसरं घर विकत घेणाऱ्यांचा आणि त्यांच्यासाठी डोंगर सपाट करणाऱ्यांचा आहे. जमिनीचा वापर बदलू देणारं नगरनियोजन कायद्याचं २०२३ मधलं कलम १७(२) आणि पुढच्या वर्षीचं ३९अ यांवरून गोव्यातली माणसं रस्त्यावर आली, कोर्टात गेली. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने १७(२) खालचे नियम रद्दबातल ठरवले. महिनाभर राहायला आलेल्या इंजिनिअरचा या जमीनव्यवहाराशी थेट संबंध नसतो. पण गावाचं भाडं वर चढायला त्याचा हातभार लागतो आणि त्या चढत्या भाड्याकडे पाहूनच बिल्डर येतो. हे त्याने समजून घ्यायला हवं.

हेच मेक्सिको सिटीत घडलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथल्या महापौर क्लाउदिया शाइनबाउम यांनी एअरबीएनबी आणि युनेस्को यांच्याशी करार केला. दूर बसून काम करणाऱ्या परदेशी लोकांनी शहरात यावं, हा त्यामागचा हेतू होता. ते आले, रोमा आणि कोंदेसा या देखण्या वस्त्यांत राहिले. जुलै २०२५ मध्ये त्याच वस्त्यांत भाडेवाढीविरुद्ध मोर्चे निघाले, काचा फुटल्या. शाइनबाउम तोवर देशाच्या अध्यक्ष झाल्या होत्या. मोर्च्यांतल्या परकीयद्वेषाचा त्यांनी निषेध केला, भाडेवाढ हा खरा प्रश्न असल्याचंही मान्य केलं. पाहुण्यांना बोलावताना यजमानांचं काय होणार याचा विचार कुणी केला नव्हता.

महाराष्ट्रात मात्र काम सोबत घेऊन फिरणाऱ्यांची आणि यजमान गावांशी त्यांच्या देवघेवीची एक जुनी रीत आहे. दिवाळी झाली की पुणे, सातारा, सांगलीच्या दुष्काळी माळावरचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणात येतात. घोड्यावर संसार, बाईच्या हाताखाली सगळा वाडा, पुरुष मेंढरांमागे. कोकणात तेव्हा भातकापणी उरकलेली असते. रिकाम्या खाचरात रात्री मेंढरं बसवायची, लेंडी-मूत जमिनीत जिरतं आणि पुढच्या वर्षीच्या भाताला खत मिळतं. त्या बदल्यात शेतकरी धान्य देतो, पैसे देतो. किती मेंढरं, किती रात्री, काय मोबदला, हे बोलून ठरतं. रोजच्या ठरावाची बोली अनेकदा बायका करतात, वाड्याचा हिशेबही त्यांच्याकडे असतो. वर्षानुवर्षं त्याच गावात, त्याच खाचरात तळ पडतो. आता रासायनिक खतं आली, खाचरांच्या जागी बागा आल्या, कुंपणं आली, आणि ही वाट अरुंद होत चालली आहे. धनगरांच्या पोरांच्या शाळा सुटतात, लसी चुकतात. तो भटकेपणा हौसेचा नाही, पावसाने लादलेला आहे. बीडहून दसऱ्याच्या सुमाराला कोयता घेऊन निघणाऱ्या ऊसतोड कुटुंबांबाबत तर हे दहापट खरं आहे. ज्याला हिंडणं निवडता येतं आणि ज्याला हिंडावंच लागतं, त्यांना एका मापाने मोजू नये.

तरीही धनगरांच्या त्या ठरावाकडून घेण्यासारखं पुष्कळ आहे. तिथे तळ टाकणारा आणि जमीनवाला दोघांनाही ठाऊक असतं की कोण काय देणार. पाहुणा उठून गेल्यावर मागे काय राहिलं ते पुढच्या पिकात दिसतं, आणि पुन्हा त्याच दारी यायचं आहे हे धरूनच तो वागतो. लॅपटॉपवाल्या मुक्कामात अशी बोली नसते. ती करणं अवघड नाही. जेवणाच्या वेळा, रात्रीच्या कामाचा मोबदला, लाइट गेली तर कुणी काय करायचं, हे पहिल्याच दिवशी घरच्या बाईशी बोलून लिहून काढावं. दरवर्षी नवं गाव धुंडाळण्यापेक्षा दोन-तीन गावांशी बांधून घ्यावं. मी पाहिलेल्यांत सर्वांत समाधानी तेच होते जे तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच घरी परतले होते. एकजण हिमाचलातल्या बीरच्या शाळेतल्या मुलांना आठवड्यातून दोन संध्याकाळी संगणक शिकवत होता. एक जोडपं आचऱ्याजवळच्या गावात बचतगटाच्या आमसुलांची ऑनलाइन विक्री बसवून देत होतं. आता ती विक्री त्यांच्याविना चालते.

सिक्कीमने याला सरकारी रूप देऊन पाहिलं आहे. पाक्योंग जिल्ह्यातलं याकतेन हे गाव जुलै २०२५ मध्ये देशातलं पहिलं डिजिटल नोमॅड गाव म्हणून जाहीर झालं. त्यामागचं गणित सरळ आहे. होमस्टे हंगामात भरतात आणि जवळपास निम्मं वर्ष रिकामे पडतात. महिनोन्‌महिने राहणारी माणसं आली तर त्या रिकाम्या काळात कमाई होते. त्यासाठी घरांना खात्रीचं इंटरनेट आणि विजेचा पर्यायी पुरवठा द्यायचा. हंगामात पर्यटक, हंगामाबाहेर काम करणारे पाहुणे. यामुळे भाड्याचा दर फुगत नाही, कमाई वर्षभर पसरते. आधीच गजबजलेल्या किनाऱ्यावर आणखी माणसं ओतण्यापेक्षा हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

कोकणाला हे लागू करायचं तर जून ते सप्टेंबरचा विचार करावा लागेल. डिसेंबर ते मे घरं भरलेलीच असतात. पावसाळ्यात ती रिकामी असतात आणि नेमकी तेव्हाच लाइट नसते. वादळांचा धोका लक्षात घेऊन अलिबागमध्ये विजेच्या तारा जमिनीखाली घेण्याचं काम झालं आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या, गुहागर-दापोलीच्या गावांपर्यंत ते आलं पाहिजे. ते होईस्तोवर मे महिन्यात तारांवरच्या फांद्या वेळेवर छाटायला माणसं हवीत, लायनमनला हाताखाली जोडीदार हवा आणि टॉवरच्या डिझेलचा भरवसा हवा. ग्रामपंचायतीने महिन्याहून जास्त राहणाऱ्या पाहुण्याकडून घरपट्टीसोबत ठराविक रक्कम घ्यावी आणि ती याच कामांना लावावी, असं मी अनेक सरपंचांपुढे बोलून पाहिलं. काहींना पटलं. एकांनी विचारलं, पाहुणे देतील का? माझ्या ओळखीतल्या फिरत्या बिऱ्हाडवाल्यांना मी तोच प्रश्न केला. बहुतेकांनी रक्कम किती, एवढंच विचारलं.